आईच्या इरकलीचे धागे काढताना: एका कलाकाराच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. बाकीच्यांसाठी तो थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या सोलापूरच्या, सध्या बर्लिनमध्ये राहता आणि संकल्पनात्मक कला करता, म्हणजे जिच्यात वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची असते अशी कला. मे २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत तुमची आई गेली. तुम्हाला येता आलं नाही, सगळं फोनच्या पडद्यावर पाहावं लागलं. पुढे भावाने आईची एक इरकल पाठवली, गर्द हिरवी, लाल काठांची. गेले तीन महिने तुम्ही रोज रात्री त्या साडीचे दोन बोटं रुंदीचे आडवे धागे काढता, त्यांची गुंडाळी करता, तारखेची चिठ्ठी बांधता आणि काचेच्या बरणीत टाकता. साडी आता निम्म्याहून कमी उरली आहे. एका कलादालनाला हे काम दाखवायचं आहे. त्यांना त्याला 'हीलिंग' म्हणायचं आहे, आणि प्रेक्षकांनीही आपल्या गेलेल्या माणसांची वस्त्रं आणून तिथे बसून उसवावीत, अशी त्यांची कल्पना आहे. तुम्ही विचारलंय की याला हीलिंग म्हणता येईल का, आणि थेरपीचं शिक्षण नसताना लोकांकडून हे करून घ्यावं का. शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: धागे काढून झाल्यावर बरं वाटत नाही, उलट रात्र वाईट जाते, माझं काही चुकतंय का?

माझ्या दृष्टीने ते शेवटचं वाक्य हाच खरा प्रश्न आहे. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्या पोटात आहेत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आणि इथे पुन्हा शिकून आर्ट थेरपिस्ट, म्हणजे कलेच्या मदतीने मानसोपचार करणारी, झाले. २१ वर्षं हेच काम करते आहे. आठवड्याचे तीन दिवस मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात, आणि उरलेला वेळ देश सोडून आलेल्या बायकांच्या गटांबरोबर. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही पदवी कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसेल तर नावापुढे लावता येत नाही. त्यामुळे कला कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो, याचा विचार मला रोजच करावा लागतो.

मी तुम्हाला भेटलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडाव्याच लागतील. 'रात्र वाईट जाते' याचा अर्थ रडू येतं आणि उशिरा झोप लागते असा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण कित्येक आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, काम सुटलंय किंवा जगू नये असं मनात येतंय, असं असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. जर्मनीत टेलेफोनझेलझोर्गे या आधार देणाऱ्या फोनसेवेला दिवसरात्र कधीही फोन करता येतो. महाराष्ट्रातून वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता मूळ मुद्दा. 'हीलिंग' हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. मराठीत त्यासाठी चार शब्द आहेत आणि चौघांची कामं वेगळी आहेत. बरं वाटणं हे तासा-दोन तासांचं असतं, मैत्रिणीशी बोलल्यावर किंवा पोटभर रडल्यावर वाटतं तसं. बरं होणं म्हणजे आजार जाणं, तिथे डॉक्टर लागतो. सावरणं म्हणजे तोल जाता जाता पाय टेकणं. दुःख होतं तेवढंच असतं, पण माणूस उभा राहतो, दूध तापवतो, पोरांना शाळेत सोडतो. आणि चौथा शब्द भरून येणं. जखम भरून येते, मन भरून येतं, आभाळही भरून येतं. जखम मिटण्याला आणि डोळ्यांत पाणी येण्याला आपण एकच क्रियापद वापरतो. कुणी ठरवून असं केलं असेल असं वाटत नाही, पण माझ्या कामात मला हे फार खरं दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर आहेत, फक्त त्यांच्यामध्ये लांबचा पल्ला आहे. कलाकृती माणसाला बहुतेक वेळा मन भरून येण्यापर्यंत आणून सोडते. जखम भरून येण्यासाठी पुढे आणखी काही लागतं.

ते काय लागतं, हे मला माझ्याच चुकीतून कळलं. (यातले ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) शिक्षण संपून जेमतेम वर्ष झालं होतं. एका कलाकेंद्राने एका दुपारची कार्यशाळा घ्यायला बोलावलं. माझी कल्पना मला तेव्हा फार सुंदर वाटली होती: मागे सुटलेल्या घरातली एक वस्तू आणायची, तिचं चित्र काढायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ती चित्रं फाडायची. सोडून देण्याची कृती म्हणून. १९ जणी आल्या. लेस्टरमध्ये युगांडातून आलेली गुजराती कुटुंबं खूप आहेत. १९७२मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले, तेव्हा आलेली ही माणसं. त्यांतल्या एक मावशी पोळपाटावरचं लाटणं घेऊन आल्या होत्या. एका टोकाला काळपट, जळलेलं. त्यांनी ते कोळशाने फार मन लावून काढलं. जळलेल्या टोकाशी त्या कितीतरी वेळ बोटाने काळं पसरवत बसल्या होत्या. मग मी सांगितलं, आता फाडा. त्यांनी फाडलं, आणि हातातले दोन तुकडे धरून तशाच बसून राहिल्या. रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. हात मात्र थरथरत होते.

पाचला हॉल रिकामा करायचा होता. इमारतीचा रखवालदार दारात येऊन उभा राहिला, मी रंग आवरायला घेतले, बायका कोट चढवून निघाल्या. पंधरा मिनिटांनी मी बाहेर पडले तर त्या बसथांब्यावर बसलेल्या, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत लाटणं. मी शेजारी बसले. दोन बस गेल्या. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की हे लाटणं सासूबाईंनी निघताना हातात दिलं होतं, आणि मी आज ते फाडलं. फाडला होता तो कागद, पण त्यांच्या मनाने फाडलं ते लाटणंच. त्या पुन्हा कधी कार्यशाळेला आल्या नाहीत.

मी उघडायचं कसं याचा विचार केला होता, मिटायचं कसं याचा केला नव्हता. आणि फाडणं हे माझ्या संकल्पनेला हवं होतं, त्यांनी मागितलेलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही काम आखताना मी आधी त्याचे काठ आखते. साडीच्या उदाहरणाने तुम्हाला लगेच कळेल: काठ घट्ट नसतील तर मधलं विणकाम कितीही सुंदर असलं तरी कडेने सुटत जातं. काठ म्हणजे वेळेची हद्द, कामाचा शेवट, समोर ते झेलणारं माणूस, आणि काम झाल्यावर त्या वस्तूला जायला एक ठरलेली जागा.

तुमच्या जातकुळीच्या एका कलाकाराचं काम यासाठी बघण्यासारखं आहे. ली मिंगवेई. १९६४ साली तैवानमध्ये जन्मला, अमेरिकेत शिकला आणि तिथेच कलाकार म्हणून उभा राहिला. आजी गेली तेव्हा तिच्याशी बोलायचं राहून गेलेलं बरंच होतं, म्हणून तो दीड वर्ष तिला पत्रं लिहीत राहिला. त्यातून १९९८मध्ये 'लेटर रायटिंग प्रोजेक्ट' तयार झाला. तीन लहान लाकडी कक्ष असतात. एकात उभं राहून लिहायचं, दुसऱ्यात बसून, तिसऱ्यात गुडघे टेकून. ज्याला सांगायचं राहून गेलं त्याला पत्र लिहायचं, आभाराचं, क्षमा करणारं किंवा माफी मागणारं. पाकीट बंद करून पत्ता घातला तर संग्रहालय ते टपालात टाकतं. उघडं ठेवलं तर इतर प्रेक्षक वाचू शकतात. म्हणजे किती उघडायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात राहतं, आणि पत्र लिहून झाल्यावर कुठे जाणार हेही त्याला आधीच माहीत असतं.

त्याचं दुसरं काम तुमच्या साडीच्या आणखी जवळचं आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातून त्याचा जोडीदार वाचला. त्या रात्री हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो घरातले फाटके कपडे शिवत बसला. त्या बसण्याची कलाकृती झाली २००९मध्ये, 'मेंडिंग प्रोजेक्ट' या नावाने. तो लांब टेबलाशी बसतो, लोक फाटका कपडा आणतात, तो समोर बसून गप्पा मारत टाके घालतो. रफूगार आपला धागा कापडात लपवतो. ली भडक रंगाचा धागा घेतो, म्हणजे जिथे फाटलं होतं ती जागा उलट उठून दिसते. आणि टाके घालून झाल्यावर धागा तोडत नाहीत. कपडा टेबलावरच राहतो, भिंतीवरच्या रिळाशी धाग्याने जोडलेला. प्रदर्शन संपताना मालकाने परत येऊन तो घेऊन जायचा.

माझं लक्ष यातल्या दोन गोष्टींकडे जातं. एक म्हणजे 'परत या' हे त्या कामातच विणलेलं आहे. माझ्या कार्यशाळेत तेच नव्हतं. दुसरं, २००१ची रात्र आणि २००९चं प्रदर्शन यांच्यामध्ये आठ वर्षं गेली. आजीला पत्रं लिहितानाही दीड वर्ष तो एकटाच लिहीत होता. आधी त्याने ते स्वतःपुरतं केलं, पूर्ण केलं, आणि मग त्यातला फक्त नियम काढून लोकांपुढे ठेवला. स्वतःची ओली जखम त्याने प्रदर्शनात मांडलेली नाही.

योको ओनोच्या कामातही हीच काळजी दिसते. १९३३ साली टोकियोत जन्मलेली ही मुलगी १९४५च्या बॉम्बफेकीनंतर खेड्यात हलवली गेली, तिने उपास काढले, आणि पुढे न्यूयॉर्कला आली. १९६६मध्ये लंडनच्या एका दालनात तिने फुटक्या कपबशा, डिंक आणि दोरा ठेवला आणि लोकांना त्या जोडायला सांगितलं. कप आधीच फुटलेले होते, कुणालाही काही फोडायला सांगितलेलं नाही. १९९६पासून ती झाडांवर लोकांना आपली इच्छा लिहून टांगायला लावते. त्या चिठ्ठ्या गोळा होऊन आइसलँडमधल्या विदेय बेटावर जातात. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. माझ्या गटातल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, त्यावरून मला कळतं की 'याचं पुढे काय होणार' ही काळजी किती खोल असते.

आता तुमच्या वाईट रात्रींकडे येते. आधी धीराची गोष्ट. असं काम केल्यावर लगेच वाईट वाटणं ही चूक नाही. १९८६मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वात दुखऱ्या अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना इतरांपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. पुढच्या सहा महिन्यांत मात्र ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हणजे लगेच वाटणं आणि पुढे सावरणं ही दोन वेगळी मापं आहेत. गिरिजा कैमल या भारतीय वंशाच्या संशोधिकेने २०१६मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मोकळेपणाने चित्रं, कोलाज, माती असं काम करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. साधारण तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं. उरलेल्यांमध्ये झालं नाही. कलेने सगळ्यांना सारखाच आराम मिळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण हे दोन्ही प्रयोग आणि तुमचं काम यांत एक मोठा फरक आहे. तिथे चार दिवस होते, १५ किंवा ४५ मिनिटं होती, आणि मग उठून घरी जायचं होतं. तुम्ही ९० रात्री हे करता आहात, एकट्या, झोपायच्या आधी, दिव्याखाली. आणि तुमच्या कामाला शेवट म्हणून जो आहे तो एकच: साडी संपणं. मला स्पष्ट लिहू द्या. ज्या दिवशी शेवटचा धागा निघेल त्या दिवशी तुमच्यासाठी आई दुसऱ्यांदा जाईल, आणि ते तुमच्या बोटांना आधीच कळलंय. म्हणून रात्री वाईट जातात. चूक तुमच्या भावनेत नाही, तुम्ही स्वतःला घालून दिलेल्या नियमात आहे. नियम तुमचा आहे, तो बदलता येतो.

आणखी एक वाटतं. मे २०२१मध्ये तुम्ही काय केलंत? एका लहान पडद्यावर, एकट्या, घरापासून हजारो किलोमीटरवर, हात न लावता बघत राहिलात. आता रोज रात्री तुम्ही पुन्हा तेच करता, फक्त या वेळी हातात कापड आहे. आपल्याकडचा दुखवटा आठवून बघा. त्यात काठच काठ आहेत. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात, सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवत नाही, मग कुणीतरी मोठं माणूस पुढे होऊन बोलतं: पोरीची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. तेराव्याला गोडाचं करतात, आणि दुःख असो नसो, पानात वाढलेलं खावं लागतं. मी कर्मकांडाची पुरस्कर्ती नाही, आमच्या घरी यातलं पुष्कळ गाळलं आहे. पण माणसांनी शेकडो वर्षं घासून घासून हा आकार बनवला आहे: ठरलेले दिवस, सोबत माणसं, मोठ्याने बोललेलं एक वचन, आणि मग जेवण. तुम्हाला यातलं काहीही मिळालं नाही. माझा अंदाज आहे की तुम्ही साडी उसवून नकळत तेच शोधता आहात.

म्हणून पहिलं काम कलेचं नाही. भावाला फोन करा आणि विचारा, कावळा शिवायला किती वेळ लागला, आणि त्याला कुणी काय वचन दिलं. त्यात तुमचं नाव होतं का. माझ्या वडिलांच्या वेळी मी चौथ्या दिवशी साताऱ्याला पोहोचले होते, आणि सगळ्यात जास्त दिलासा मला काकूंनी सांगितलेल्या तपशिलांनी दिला: त्या सकाळी वाऱ्याने दर्भ उडाले ते, कुणी भात करपवला ते. जे आपण पाहिलं नाही ते कुणाच्या तरी तोंडून बारकाव्यांसकट ऐकणं हेही हातांनी काम करण्याइतकंच औषधी असतं.

दुसरं, रात्री नको, दिवसा करा. रोज नको, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, घड्याळ लावून. झालं की हात धुवा, बरणीचं झाकण लावा, ती दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काहीतरी खा. हे फार क्षुल्लक वाटेल. पण माझ्या गटातली प्रत्येक बाई मला हेच सांगते की चित्रापेक्षा चित्रानंतरचा चहा लक्षात राहिला.

इतकं झालं की मगच लोकांना बोलवायचा प्रश्न येतो. शिक्षण नसताना करू का, असं तुम्ही विचारलंत. इथे मला लिजिया क्लार्क आठवते. ब्राझीलची मोठी कलाकार. १९६८ ते १९७६ ती पॅरिसमध्ये होती, तिथल्या सॉरबॉन विद्यापीठात विद्यार्थ्यांचे गट घ्यायची. १९७३च्या तिच्या एका कामात एकजण जमिनीवर आडवा पडतो, बाकीचे भोवती बसून तोंडात धाग्याची रिळं धरतात आणि लाळेने ओला झालेला धागा ओढून ओढून त्याच्या अंगावर सोडतात. शेवटी तो सगळा गुंता सगळ्यांनी हातांनी ओढून दूर करायचा. पुढे रिओला परत गेल्यावर ती आपल्या घरातच एकेका माणसाबरोबर काम करू लागली. पाण्याच्या, हवेच्या, वाळूच्या पिशव्या, जाळीत बांधलेले दगड ती त्यांच्या अंगावर ठेवायची. आणि त्या माणसाच्या मुठीत एक गुळगुळीत गोटा असायचा, संपूर्ण वेळ. बाकी सगळं हललं तरी हे एक खरं, हातातलं, असावं म्हणून. तो गोटा मी उचलला आहे. माझ्या प्रत्येक गटात टेबलावर नदीतल्या गोट्यांची टोपली असते. कुणाचा आवाज चिरकला की मी काही बोलत नाही, टोपली पुढे सरकवते.

क्लार्ककडे थेरपीची पदवी नव्हती. पण तिने स्वतः अनेक वर्षं मनोविश्लेषण घेतलं होतं, गटांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं होतं, आणि शेवटी ती एका वेळी एकाच माणसाला, पुन्हा पुन्हा भेटत होती. कलादालनात एका संध्याकाळी येऊन जाणारे अनोळखी लोक, आणि प्रत्येकाच्या हातात मेलेल्या माणसाचा सदरा, ही गोष्ट त्याच्या अगदी उलट टोकाची आहे. म्हणून कलादालनाचा आत्ताचा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नका, असं मी ठामपणे सांगेन. लोकांना उसवायला लावू नका. उसवलेलं परत विणता येत नाही, आणि घरी गेल्यावर पश्चात्ताप झाला तर त्या माणसाकडे ना वस्तू उरते, ना तुम्ही शेजारी असता. माझ्या त्या मावशींकडे निदान लाटणं शाबूत होतं.

लोकांना सामील करायचंच असेल तर काय करता येईल, ते तुमच्या दालनाच्या जागेवर आणि माणसांवर अवलंबून आहे, पण मी असं आखलं असतं. एका वेळी आठ जण, आधी नाव नोंदवून आलेले. दीड तास, त्यातली शेवटची वीस मिनिटं नवं काहीही उघडायचं नाही, फक्त आवरायचं, चहा प्यायचा, बोलायचं असेल तर बोलायचं. मूळ वस्तू आणायची नाही. आणायचा तो त्या माणसाच्या घरातला साधा दोरा, सुतळी, नाडी, काहीही, ज्याच्यावाचून चालेल. उसवण्याऐवजी तो तुमच्या काढलेल्या धाग्यांबरोबर पिळायचा किंवा गाठ मारून जोडायचा. नुसतं बसून बघायचं असेल तर तेही चालेल, आणि हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं. दाराजवळच्या खुर्चीवर दुसरं एक माणूस, ज्याचं काम एकच: कुणी उठून बाहेर गेलं तर त्याच्याबरोबर जाणं. तिथे प्रशिक्षित थेरपिस्ट असेल तर उत्तम, बर्लिनमध्ये अशी माणसं मिळतील, आणि त्यांचं मानधन दालनाने द्यावं. फोटो काढायचे नाहीत, काढले तर फक्त हातांचे आणि विचारून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिळलेला तो दोर प्रदर्शन संपल्यावर कुठे जाणार हे पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहिलेलं असावं. दालन यातल्या खर्चाला आणि थेरपिस्टला तयार नसेल, तर लोकांचा सहभाग सोडून द्या. नुसत्या बरण्या आणि तारखा हेही पूर्ण काम आहे.

'हीलिंग' शब्द भिंतीवर लावायचा का? नको. एक कारण कायद्याचं आहे: जर्मनीत १९३९पासूनच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय उपचार करता येत नाहीत, आणि जाहिरातीत बरं करण्याचं वचन दिलं तर प्रश्न उभे राहू शकतात. ते दालनाने एखाद्या वकिलाला विचारावं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. तो शब्द वाचून जो माणूस आत येतो तो काहीतरी मागायला येतो, आणि बाहेर पडताना बरं वाटलं नाही तर ते स्वतःचंच अपयश समजतो. तुम्हालाही नेमकं तेच झालं, नाही का? 'माझं काही चुकतंय का' हा तुमचा प्रश्न त्या शब्दातूनच आला आहे. त्याऐवजी जे केलं ते लिहा: आईची साडी, किती दिवस, किती धागे. वाचणाऱ्याचं मन भरून यायचं असेल तर तेवढ्याने येईल.

आता साडीबद्दल शेवटचं. तुम्ही सोलापूरच्या, त्यामुळे कदाचित हे माहीत असेल, पण लिहिते. इरकलीचा पदर वेगळा असतो. अंगाचा उभा धागा वेगळा, पदराचा वेगळा, लाल रेशमाचा, आणि विणकर मागावर बसण्याआधी दोन्हींचे उभे धागे एकेक करून फासात फास अडकवून जोडतात. टोपपदर म्हणतात तो हाच. तुम्ही आतल्या टोकाकडून उसवत येता आहात, म्हणजे अजून काही हातांवर तो जोड तुमच्यासमोर येईल. कापड उजेडात धरून पाहा, हिरवं संपून लाल सुरू होतं तिथे बारीक फासांची एक ओळ दिसेल. नखाला लागते.

तिथे थांबा. तोच तुमच्या कामाचा शेवट ठरवा, आजच, आणि तारखेच्या एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्या दिवशी दुपारी भावाला व्हिडिओ कॉल लावा, त्याला तो जोड दाखवा, आणि घरात काहीतरी गोड करा. बरण्या दालनात जाऊ देत. पदर घरी ठेवा, घडी करून, सबंध, आणि तो कुणी मागितला तरी दाखवायला देऊ नका.